ताब्याची किंमत आणि भागधारकाचे मन



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत शेअरबाजाराचा विषय कशासाठी, असे विषय जाहीर झाल्यापासून दोघातिघांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, ज्या संशोधनाविषयी आज मला बोलायचे आहे, त्याचे नावच रंगभूमीवरून आलेले आहे. १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले वित्तशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड रोल यांनी ‘जर्नल ऑफ बिझनेस’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. एक कंपनी दुसरी कंपनी विकत घेताना चालू बाजारभावापेक्षा इतके जादा पैसे का मोजते, हा त्यातला प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी निवडलेला शब्द होता ‘हुब्रिस’. ग्रीक शोकांतिकेतल्या नायकाला धुळीला मिळवणारा मद तो हाच. मराठीत आपण इतके लांब जात नाही. ‘गर्वाचे घर खाली’ एवढे म्हटले की काम भागते.

दुसरे उत्तर घरगुती आहे. आपल्या इंदुरात एके काळी मध्य प्रदेश स्टॉक एक्स्चेंज होते. इथून जवळच्या नागद्याला ग्रॅसिमचा कारखाना आहे, आणि ग्रॅसिम हे नाव ‘ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग’ या मूळ नावाच्या अक्षरांतून तयार झाले आहे. माळव्यातल्या मराठी घराला शेअर ही काही परकी वस्तू नाही. ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, त्यांचेही पैसे विमा, म्युच्युअल फंड किंवा निवृत्तिवेतन योजनेच्या वाटेने थोडेबहुत तिथे पोचलेले असतात. तेव्हा एक कंपनी दुसरीचा ताबा घेते, ही बातमी मुंबई-लंडनची वाटली, तरी तिचे बिल फोडले जाते आपल्यातच.

ताबा म्हणजे काय

आधी शब्द नीट लावून घेऊ. कायद्याने कंपनीचे मालक तिचे भागधारक. पण दहा लाख भागधारक मिळून कारखाना चालवू शकत नाहीत. म्हणून ते संचालक निवडतात, आणि संचालक व्यवस्थापक नेमतात. एखाद्याने बाजारातून किंवा मोठ्या भागधारकाकडून इतके शेअर घेतले, की संचालक मंडळावर कोण बसणार हे त्याच्या हाती आले, तर त्याने कंपनीचा ताबा घेतला असे आपण म्हणतो. हेन्री मॅन या कायद्याच्या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ साली मांडले की, ही सत्ताच एक विक्रीयोग्य वस्तू आहे आणि तिचा स्वतंत्र बाजार असतो. कंपनी नीट चालत नसेल तर शेअर घसरतो. घसरला की बाहेरच्या कुणाला तरी वाटते, ही आपण घेतली तर सुधारू. या भीतीने व्यवस्थापक जागा राहतो.

भारतात ही भीती प्रथम ठळकपणे दिसली ती १९८३ मध्ये. लंडनस्थित उद्योगपती स्वराज पॉल यांनी डीसीएम आणि एस्कॉर्ट्स या दोन कंपन्यांचे शेअर बाजारातून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोन्ही व्यवस्थापनांनी ते शेअर त्यांच्या नावावर चढवायलाच नकार दिला. त्या वादातून एक गोष्ट उघडी पडली. ज्या कंपन्या आपण अमुक घराण्याच्या म्हणून ओळखत होतो, त्यांत घराण्याचा वाटा थोडका होता. एस्कॉर्ट्सचे निम्म्याहून अधिक शेअर सरकारी वित्तसंस्थांकडे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध एस्कॉर्ट्स या खटल्यात डिसेंबर १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, संचालक बदलण्यासाठी सभा बोलावण्याचा हक्क प्रत्येक पात्र भागधारकाला आहे, मग तो भागधारक सरकारी संस्था का असेना. पॉल शेवटी मागे हटले. पण ‘कंपनी कुणाची?’ हा प्रश्न मागे राहिला.

रोल यांचे मोजमाप

रिचर्ड रोल मूळचे विमानविद्येचे अभियंते. बोइंगमध्ये त्यांनी काम केले, मग शिकागोला जाऊन वित्तशास्त्रात पीएच.डी. केली. मतापेक्षा मापावर विश्वास ठेवण्याची अभियंत्याची सवय त्यांच्या सगळ्या कामात दिसते. १९६९ मध्ये यूजीन फामा, लॉरेन्स फिशर आणि मायकेल जेन्सन यांच्याबरोबर त्यांनी शेअरविभाजनाच्या ९४० घटना तपासल्या. त्या निबंधाने जी पद्धत रूढ केली, तिच्याशिवाय आजचे आपले बोलणेच अशक्य आहे.

ती पद्धत सोपी आहे. नदीला पूर आला की सगळ्याच होड्या वर येतात. एखादी होडी कुणी वर उचलली का, हे कळायचे असेल तर एकूण पाणी किती चढले ते आधी वजा करावे लागते. तसेच कंपनीविषयी एखादी बातमी आली, की त्या दिवशी शेअर किती हलला ते बघायचे, सबंध बाजार किती हलला ते त्यातून काढून टाकायचे. उरेल तो बाजाराने त्या बातमीला दिलेला कौल. हजारो गुंतवणूकदार आपापले पैसे लावून हा कौल देतात, म्हणून तो वर्तमानपत्रातल्या अग्रलेखापेक्षा गंभीरपणे घ्यावा लागतो. तो अचूकच असतो असे मात्र नाही.

ही पद्धत ताब्याच्या व्यवहारांना लावल्यावर काय दिसले? मायकेल जेन्सन आणि रिचर्ड रुबॅक यांनी १९८३ मध्ये तोवरच्या अमेरिकी अभ्यासांचा आढावा घेतला. भागधारकांना थेट देकार देऊन घेतलेल्या कंपन्यांत विकणाऱ्या बाजूच्या भागधारकांना साधारण ३० टक्के लाभ झाला होता, घेणाऱ्या बाजूला ४ टक्के. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणात विकणाऱ्यांना २० टक्के आणि घेणाऱ्यांना शून्य. म्हणजे मेजवानीचा खर्च करणारा एक, आणि जेवून जाणारा दुसराच. असे असताना घेणारे पुन्हा पुन्हा का घेतात?

उक्ती बाग

रोल यांचे उत्तर समजायला आपल्याकडचा एक जुना व्यवहार उपयोगी पडेल. विदर्भात संत्र्याची, कोकणात आंब्याची बाग फळ झाडावर असतानाच व्यापारी उक्ती घेतो. फळ किती उतरेल, भाव काय मिळेल, हे कुणालाच ठाऊक नसते. समजा, एका बागेचे खरे उत्पन्न दहा लाखांचे निघणार आहे. पाच जाणते व्यापारी बाग फिरून अंदाज करतात. एक म्हणतो आठ, दुसरा नऊ, तिसरा दहा, चौथा अकरा, पाचवा तेरा. पाचांची सरासरी दहाच्या जवळच येते, म्हणजे सगळे मिळून ते चांगले जाणकार आहेत. पण बोली लागली की बाग कुणाला जाते? तेरावाल्याला. अकरावाला थांबेल तिथे त्याच्या थोडे वर तो जातो, बाग घेतो आणि लाखभर रुपयाला बुडतो. तो मूर्ख नव्हता, बेइमान नव्हता. पाचांत सर्वांत आशावादी होता, एवढेच. आणि लिलाव नेमका अशाच माणसाला शोधून काढतो. अटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांविषयी हेच लिहिले. पुढे त्याला ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले.

रोल यांनी आणखी एक पाऊल टाकले. बागेला आधीचा भाव नसतो, पण बाजारात नोंदलेल्या कंपनीला रोज असतो. समजा तो १०० रुपये आहे. एखाद्या उद्योगपतीच्या माणसांनी हिशेब केला आणि त्यांना कंपनी ९० रुपयांची वाटली, तर ते काय करतील? काहीच नाही, फाइल कपाटात जाईल. हिशेब १३० चा आला तर देकार जाहीर होईल आणि आपण ती बातमी वाचू. म्हणजे कमी बाजूच्या सगळ्या चुका कपाटात आणि जास्त बाजूच्या सगळ्या चुका पहिल्या पानावर. बाजारभाव बराचसा बरोबर असेल, तर आपल्याला दिसणारा प्रत्येक देकार हा चढ्या अंदाजांच्या टोकाकडचा असण्याचीच शक्यता जास्त.

आता कुणी म्हणेल, अनुभवाने माणूस शहाणा होतो. बागवाला व्यापारी होतोही, कारण तो दरवर्षी बागा घेतो. मोठ्या कंपनीचा प्रमुख मात्र आयुष्यात असे व्यवहार दोन-चारच करतो. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत बहुधा निवृत्तीची वेळ येते. शिवाय जो माणूस हजार लोकांच्या स्पर्धेतून वर चढला, ज्याच्या आजवरच्या अंदाजांनी त्याला त्या खुर्चीवर बसवले, त्याला या वेळी बाजार बरोबर आणि मी चूक, असे कसे वाटेल? रोल ज्याला मद म्हणतात तो हा. उर्मटपणा नव्हे. यशातून रीतसर कमावलेली स्वतःविषयीची खात्री.

रोल यांनी हा सिद्धान्त अंतिम सत्य म्हणून मांडला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, विलीनीकरणाने खर्च वाचेल, विक्री वाढेल, अशी कारणे पुढे करण्याआधी हे साधे कारण खोटे ठरवून दाखवा. पुढच्या संशोधनाने ते पूर्ण खोटेही ठरवले नाही आणि पूर्ण खरेही नाही. पुष्कळ ताबे खरोखर उपयोगी ठरले. पण मोठ्या व्यवहारांचा हिशेब धडकी भरवणारा निघाला. सारा मोलर, फ्रेडरिक श्लिंगमन आणि रेने स्टल्झ यांनी २००५ मध्ये दाखवले की, १९९८ ते २००१ या चार वर्षांत अमेरिकेतल्या घेणाऱ्या कंपन्यांच्या भागधारकांनी घोषणेच्या सुमाराच्या दिवसांत मिळून २४० अब्ज डॉलर गमावले. खरेदीवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे बारा सेंट. आणि हा तोटा सर्वांत वाटलेला नव्हता. त्याचे मूळ ८७ अतिप्रचंड तोट्याच्या व्यवहारांत होते.

मद मोजायचा कसा, या प्रश्नाला उल्रिके माल्मेंडियर आणि जेफ्री टेट यांनी एक युक्तीचे उत्तर दिले. कंपनीच्या प्रमुखाला पगाराबरोबर स्वतःच्या कंपनीचे शेअर ठरावीक भावाने घेण्याचा हक्क मिळतो. त्याची नोकरी, अब्रू, पुढचे उत्पन्न सगळे त्या एका कंपनीत अडकलेले असते. अशा वेळी भाव चढला की शहाण्या माणसाने तो हक्क वापरून थोडे पैसे बाहेर काढावेत. काही प्रमुख मात्र मुदत संपेपर्यंत तो धरून ठेवतात, कारण भाव अजून चढणार याची त्यांना खात्री असते. अशा प्रमुखांनी दुसरी कंपनी विकत घेण्याची शक्यता, त्यांच्या २००८ च्या निबंधातल्या मापाने, इतरांपेक्षा ६५ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि त्यांच्या घोषणांवर बाजाराची नाराजीही जास्त होती.

कोरसची रात्र

आपल्याकडचा सर्वांच्या स्मरणातला व्यवहार म्हणजे टाटा स्टील आणि कोरस. कोरस ही इंग्रज-डच पोलाद कंपनी, उत्पादनात टाटा स्टीलच्या कितीतरी पट मोठी. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांनी शेअरमागे ४५५ पेन्सचा देकार दिला. ब्राझीलची सीएसएन ही कंपनी मध्ये पडली आणि ४७५ म्हणाली. टाटा ५००, ब्राझील ५१५. शेवटी ३० जानेवारी २००७ च्या रात्री लंडनमध्ये रीतसर लिलाव झाला. पहाटे टाटांची ६०८ पेन्सची बोली ठरली. ब्राझीलवाले ६०३ वर थांबले होते. पहिल्या देकारापेक्षा हा भाव एक तृतीयांशाने जास्त होता. एकूण व्यवहार सुमारे १२ अब्ज डॉलरचा.

त्या सकाळचा आनंद आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांचा पोलाद उद्योग आपण घेतला, अशी ती भावना होती आणि ती खोटी नव्हती. पण त्याच दिवशी मुंबईच्या बाजारात टाटा स्टीलचा शेअर दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. बागेच्या लिलावाचा हिशेब ज्यांना ठाऊक होता, ते आपले शेअर विकत होते.

पुढच्या वर्षी जगावर मंदी आली आणि युरोपातली पोलादाची मागणी बसली. ही मंदी कुणाला दिसत नव्हती, म्हणून सगळा दोष लिलावाच्या रात्रीवर टाकणे अन्यायाचे होईल. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की, २०१६ मध्ये त्या ब्रिटिश व्यवसायाचा एक मोठा भाग, स्कन्थॉर्पच्या कारखान्यासह, नाममात्र एक पौंडाला दुसऱ्याच्या हवाली झाला. महाग घेतलेल्या वस्तूला वाईट दिवस सोसायला जागा उरत नाही. बरी किंमत दिली असती, तर तीच मंदी थोडी सोसवली असती.

यात भाषेचाही भाग आहे, म्हणून या मंडळात तो मुद्दाम सांगते. ‘आपण कोरस घेतली’ या वाक्यातला ‘आपण’ कोण? देश म्हणून मी अभिमान बाळगू शकते. भागधारक म्हणून मी ते पैसे देणारी असते. एकच सर्वनाम दोघांना पुरते, आणि त्या आडोशाने बिल माझ्या खिशातून जाते.

विकणाऱ्याच्या मनातला आकडा

इथवर घेणाऱ्याची गोष्ट झाली. आता विकणाऱ्याकडे, म्हणजे बहुधा आपल्याकडे येऊ. घेणाऱ्याला स्वतःच्या अंदाजाचा मोह असतो. विकणाऱ्याला स्वतःच्या आठवणीचा.

समजा, एका कंपनीच्या दोन भागधारकांना एकाच दिवशी एकच पत्र आले. शेअर २५० रुपयांवर आहे, खुला देकार ३४० चा. पहिल्याने तो शेअर पूर्वी १०० ला घेतला होता. तो आनंदाने विकतो. दुसऱ्याने ४०० ला घेतला होता. तो म्हणतो, ‘तोट्यात कसा विकू? माझे चारशे येऊ देत.’ कंपनी एक, देकार एक, उद्याचे भविष्य एक. कंपनीच्या कारखान्यात, गोदामात, हिशेबाच्या वह्यांत त्या चारशे रुपयांचा मागमूस नाही. ते फक्त या गृहस्थांच्या मनात आहेत.

हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या सवयीला संशोधनात जागा दिली. नफ्यातला शेअर माणूस लवकर विकतो, तोट्यातला धरून बसतो. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका दलालाकडची १०,००० खाती तपासली. नेमके तेच दिसले. वर, विकून टाकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी तीन टक्क्यांहून अधिक चांगले चालले. तोटा कबूल न करण्याची ही किंमत होती.

ताबा घेणाऱ्यांना आपली ही सवय पक्की ठाऊक असते. माल्कम बेकर, शिन पॅन आणि जेफ्री वर्गलर यांनी २०१२ मध्ये दाखवले की, अमेरिकेतल्या देकारांचे भाव त्या शेअरच्या गेल्या बावन्न आठवड्यांतल्या उच्चांकाभोवती गोळा होतात. देकार त्या आकड्याच्या किंचित वर गेला, की व्यवहार पार पडण्याची शक्यता एकदम उडी घेते. वर्षापूर्वीचा उच्चांक कंपनीच्या आजच्या मोलाविषयी फारसे काही सांगत नाही. पण भागधारकाला ‘मी वरच्या भावाला विकले’ असे समाधान देतो, आणि ते समाधान विकत मिळते.

३०६ आणि १९०

माणसाच्या मनाचा हिशेब असा असला, तरी सगळेच मनावर सोडता येत नाही. विखुरलेला लहान भागधारक घासाघीस करूच शकत नाही. दहा टक्के शेअर एकगठ्ठा असलेल्याकडे खरेदीदार स्वतः चालून येतो. शंभर शेअर असलेल्याला पत्र येते. या फरकाचे आपल्याकडचे बोलके उदाहरण म्हणजे लार्सन अँड टुब्रो.

दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत काढलेली ही कंपनी पुढे कुठल्याच घराण्याची राहिली नाही. तिचे शेअर वित्तसंस्था आणि जनता यांच्यात विखुरलेले होते. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रॅसिमने, म्हणजे आपल्या ग्वाल्हेर-नागद्याच्या कंपनीने, लार्सनचे १०.०५ टक्के शेअर रिलायन्सकडून घेतले. भाव शेअरमागे ३०६ रुपये ६० पैसे. बाजारात तोच शेअर दोनशेच्या थोडा वर होता. त्या वेळच्या नियमाने १५ टक्क्यांची मर्यादा ओलांडल्यावरच इतर भागधारकांना खुला देकार द्यावा लागे. ग्रॅसिम त्या मर्यादेच्या आत राहिली. ऑक्टोबर २००२ मध्ये तिने २० टक्के शेअरांसाठी खुला देकार दिला, तो १९० रुपयांचा. बाजार तोवर उतरला होता, आणि किमान भाव ठरवताना खरेदीदाराने आधीच्या सव्वीस आठवड्यांत दिलेला सर्वोच्च भाव बघितला जाई. अकरा महिन्यांपूर्वीचे ३०६ रुपये त्या खिडकीच्या बाहेर होते. नियमांत बसणारे असे हे अंतर होते. पण एकाच शेअरला मोठ्याचे ३०६ आणि धाकट्याचे १९०, हे पुष्कळांच्या जिव्हारी लागले. पुढे तडजोड होऊन लार्सनचा सिमेंट व्यवसाय वेगळा झाला आणि २००४ मध्ये ग्रॅसिमकडे गेला. तोच आजचा अल्ट्राटेक.

ताब्याविषयीचे १९९७ चे नियम न्यायमूर्ती भगवती समितीच्या अहवालावर उभे होते. अच्युतन समितीच्या अहवालानंतर २०११ मध्ये सेबीने नवे नियम आणले. मर्यादा २५ टक्क्यांवर गेली आणि किमान देकार २६ टक्क्यांचा झाला. शंभर टक्क्यांचा देकार सक्तीचा करावा ही समितीची शिफारस मात्र स्वीकारली गेली नाही. भावाच्या बाबतीत सव्वीस आठवड्यांतल्या सर्वोच्च भावाबरोबर, खरेदीदाराने बावन्न आठवड्यांत दिलेल्या भावांची भारित सरासरीही आता पाहावी लागते. अकरा महिन्यांपूर्वीची खरेदी या सरासरीत धरली जाते.

आणि काळाचा खेळ पाहा. मार्च २०१९ मध्ये त्याच लार्सनने माइंडट्री या बंगळूरच्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीतला व्ही. जी. सिद्धार्थ यांचा २०.३२ टक्के हिस्सा ९८० रुपये भावाने घेतला. माइंडट्रीच्या संस्थापकांचा या ताब्याला उघड विरोध होता. पण लार्सनने इतर भागधारकांकडून आणखी ३१ टक्के घेण्याचा खुला देकार दिला तो ९८० चाच. बाजारभावापेक्षा ही रक्कम थोडीच जास्त होती. म्हणून धाकट्याची चांदी झाली असे म्हणता येणार नाही. पण मोठ्याला जो भाव, तोच धाकट्याला. अठरा वर्षांत झालेला हा बदल मला महत्त्वाचा वाटतो.

जे या मापात बसत नाही

शिक्षक म्हणून एक मर्यादा सांगितली पाहिजे. रोल यांची फूटपट्टी फक्त भागधारकाचा पैसा मोजते. कारखान्यातल्या कामगाराचे काय झाले, गावाचे काय झाले, हे तिच्यावर उमटत नाही. आपल्या गावाचे उदाहरण घ्या. १९२० मध्ये तुकोजीराव होळकरांच्या काळात निघालेली बँक ऑफ इंदूर १९६० मध्ये स्टेट बँकेची उपकंपनी झाली आणि ऑगस्ट २०१० मध्ये तिच्यात पूर्ण विलीन झाली. त्यात लिलाव नव्हता, मद नव्हता. जवळजवळ सगळे शेअर आधीपासून स्टेट बँकेचेच होते. तरीही दारावरची ‘इंदूर’ ही अक्षरे उतरली तेव्हा काहीतरी गेले, असे अनेक जुन्या खातेदारांना वाटले. ते काय होते, हे वित्तशास्त्र सांगू शकणार नाही. ते काम आपल्या कथाकारांचे आहे. मराठीत गिरणीचे साहित्य आहे. बँकेच्या, कंपनीच्या, संचालक मंडळाच्या खोलीचे साहित्य फार थोडे आहे, एवढे सुचवून ठेवते.

पत्र आले तर

शेवटी थोडे व्यवहाराचे. आपल्या डीमॅट खात्यातल्या एखाद्या कंपनीविषयी अशी बातमी आली, तर तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, मी कोणत्या बाजूला आहे? माझी कंपनी घेणारी असेल, तर पेढे वाटण्याआधी दिलेला भाव आणि काढलेले कर्ज पाहावे. किती बोलीवाले होते आणि त्यांच्या चढाओढीत भाव पहिल्या देकारापेक्षा किती वर गेला, हे विशेष पाहावे. बोलीवाले जितके जास्त, तितकी जिंकण्याची काळजी जास्त.

दुसरा, माझी कंपनी विकली जाणारी असेल, तर आज माझ्या हातात हा शेअर नसता आणि रोख ३४० रुपये असते, तर मी त्या भावाने तो घेतला असता का? उत्तर नाही असेल, तर ४०० ची आठवण बाजूला ठेवावी. उत्तर हो असेल, तर देकाराच्या घाईला बळी पडू नये.

तिसरा, देकार किती शेअरांचा आहे? तो २६ टक्क्यांचा असेल आणि त्याहून जास्त शेअर दिले गेले, तर ते प्रमाणात घेतले जातात. तुम्ही शंभर दिलेत म्हणजे शंभर जातीलच असे नाही. उरलेल्या शेअरांचा मालक म्हणून नव्या धन्याबरोबर राहायचे आहे, हे धरून निर्णय करावा.

रोल यांच्या निबंधाकडे मी वर्गात वर्षानुवर्षे परत परत येत आले. मुलांना त्यातले गणित लवकर कळते. दहातल्या एखाद्यालाच लवकर कळते ते असे की, बोली लावणारा हुशार असणे ही सुरक्षिततेची हमी नाही. सगळेच हुशार असतात, आणि लिलाव त्यांतल्या सर्वांत चढ्या अंदाजाला निवडतो. तेव्हा पुढच्या वेळी पहिल्या पानावर कुणाच्या विजयाची बातमी दिसली, तर कपाटात गेलेल्या फाइलींचीही आठवण ठेवावी. आणि विजय ज्याच्या पैशाने झाला तो भागधारक कोण, हेही पाहावे. बहुधा तो आपल्यातलाच कुणीतरी असतो.